शेवंती नदी रुसून माहेरी गेली

एक होता राजा, रणधवल त्याचं नाव. मनानं चांगला, पण ऐकायचा नाही कुणाचं.

एकदा काय झालं, राजा नदीवर आंघोळीला बसला. डोक्याला रिठा चोळला, तांब्या बुडवला, तर खडखड! पाणीच नाही! शेवंती नदी उठून माहेरी निघाली होती. नदीचं माहेर म्हणजे डोंगर, बरं का.

राजा फेसाळल्या डोक्यानं मागं धावला. "अगं, झालं तरी काय?"

"रंगारी रंग सोडतात, गाव उष्टं-खरकटं टाकतं. माझाच वास मला सोसवेना. मी नाही नांदायची!"

मग राजानं दवंडी पिटवली. नदीत घाण टाकेल त्याला फटके! राजवाड्याला तेवढी सूट. शेवंती आली. आली, तोच राजवाड्याच्या मोरीतून हत्तींची लीद पडली, धप्पकन! शेवंती गेली परत.

मग राजानं सूट काढली, काठावर पहारेकरी बसवले. शेवंती आली. रंगारी म्हणाले, "महाराज, रंगाचं पाणी ओतू कुठं? पागोट्यात?" त्यात पहारेकरी जेवले आणि पत्रावळी दिल्या नदीतच भिरकावून. शेवंती पुन्हा गेली!

आता विहिरी आटल्या. धाकटी राजकन्या पाण्यासाठी रडू लागली. राजा मुकाट्यानं चावडीवर जाऊन लोकांत बसला. "आता तुम्हीच सांगा."

झालं! रंगारी माहुतांकडं बोट दाखवी, माहूत गावाकडं, गाव रंगाऱ्यांकडं.

मग बकुळाराणी उठली. "ज्यानं त्यानं आपल्याच मोरीच्या खालचं पाणी प्यायचं. हाच नियम."

राजा दचकला. "मीसुद्धा?"

"पहिले तुम्ही!"

मग काय विचारता! रंगाऱ्यांनी खड्डे खणले, गावानं उकिरडा केला, लीद शेतात गेली. राजवाड्याच्या मोरीपुढं राजानं स्वतः शोषखड्डा खणला.

शेवंतीनं आधी एक बारीक धार पाठवली. राजानं मोरीच्या खाली ओंजळ धरली, डोळे मिटले आणि प्यायला.

"कसं लागतंय?" डोंगरावरून शेवंतीनं विचारलं.

"थोडं... हत्तीसारखं," राजा म्हणाला, आणि खड्डा आणखी खोल करायला पळाला.

शेवंती एवढी हसली, एवढी हसली, की हसता हसता खळखळत खालीच आली! मग नाही गेली कुठं. राजकन्या पोटभर पाणी प्यायली, गाव सुखानं नांदलं. मिटा आता डोळे. शेवंतीसुद्धा निजली, बाळांनो.