उत्तरासाठी सोडलेली जागा

एका डोंगरात जुनी लेणी होती आणि पायथ्याच्या गावात सांडू नावाचा झाडूवाला राहत होता. त्याचा बापही लेणीच झाडायचा. बापाकडून सांडूला प्रत्येक चित्राची कथा मिळाली होती. मान फिरवून उभी असलेली बाई म्हणजे संन्यासाला निघालेल्या मुलाला निरोप देणारी आई, हे आता एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

गाईड व्हावं आणि ही कथा परदेशी पाहुण्यांना सांगावी, एवढीच त्याची इच्छा. पण इंग्रजी येईना. मग त्याने मोबाईलवर इंग्रजी शिकवणारा पॉडकास्ट लावला. त्यातली बाई प्रश्न विचारायची, उत्तरासाठी जरा थांबायची आणि मग उत्तर स्वतःच सांगायची. झाडताना, जेवताना सांडूच्या कानात तीच बाई. ती थांबली की हाही गप्प.

"आवं, ती तुमच्यासाठीच थांबती ना? मग बोला की मोठ्यानं!" बायको कौसा म्हणायची.

"चुकलो तर गाव हसंल. आधी कान पक्के होऊ दे, तोंडाचं मग बघू."

म्हणजे पोहायला शिकायचं, पण काठावर बसून! दोन वर्षांत सगळे भाग ऐकून झाले. सांडूला सगळं इंग्रजी कळू लागलं.

गाईडची जागा निघाली. मुलाखतीत साहेबाने इंग्रजीत विचारलं, "इथलं तुझं आवडतं चित्र कोणतं?" सांडूला शब्दन् शब्द कळला. पण साहेब थांबला तसा तोही सवयीने थांबला, आता उत्तर कानावर येईल म्हणून. तिथे कुठली आलीय बाई? साहेबाने पुढचं नाव पुकारलं.

ते रुपचंदचं. चहाच्या टपरीवर पाहुण्यांशी मोडकंतोडकं बोलत, लोकांचं हसणं सोसत तो शिकला होता. दहा चुका करत तो बोलला आणि जागा त्याला मिळाली.

आता रुपचंद पाहुण्यांना लेणी दाखवतो आणि सांडू मागून चित्रांवर बॅटरी धरतो.

"ही राणी. दागिन्यासाठी रुसलीय," मान फिरवलेल्या बाईकडे बोट करत रुपचंद इंग्रजीत ठोकून देतो. पाहुणे हसतात, फोटो काढतात. सांडूच्या मनात त्या आईची कथा इंग्रजीत उभी राहते, एकही चूक नसलेली. पण तो बॅटरी पुढच्या चित्रावर नेतो आणि ती आई पुन्हा अंधारात जाते.

तात्पर्य: चुकायच्या भीतीने जो नुसता ऐकत बसतो, त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपते, आणि जगाला मग धीट माणसाचं खोटं ऐकावं लागतं.