एकोणचाळीस सालचं तिकीट

"मग हे तिकीट खरं आहे, एवढी एक ओळ लिहून द्यायला तुमची हरकत काय आहे, अण्णा?"

श्रीरंग देवभानकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

येसाजी पांचाळ भिंगातून तिकीट पाहत राहिले. घोड्यावर बसलेला राजा, डोक्याला तुरा आणि खाली एक शब्द... 'प्रजापालक'.

श्रीरंग धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. जुन्या रायतळे संस्थानाची टपाल तिकिटं त्यानं अकरा वर्षं जमवली होती. पहिल्या राजाचं कात्रीनं कापलेलं वेडंवाकडं तिकीट त्याच्याकडे होतं, दुष्काळाच्या सालचं पातळ कागदावरचंही होतं. संस्थानात जे घडलं ते सगळं आपल्या अल्बममध्ये आहे आणि जे अल्बममध्ये नाही ते घडलंच नाही, असं तो वर्गात सांगायचा.

येसाजीअण्णा तरुणपणी त्याच संस्थानाच्या छापखान्यात तिकिटांचे ठसे कोरत. खरं तिकीट कुठलं आणि बनावट कुठलं, हे श्रीरंग गेली सहा वर्षं त्यांच्यापाशी बसून शिकला होता.

अल्बममध्ये फक्त एकोणीसशे एकोणचाळीस सालचं पान रिकामं होतं. त्या वर्षी नवं तिकीट निघणार असल्याचा हुकूम दप्तरात सापडला होता. तिकीट मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं. आता मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं ते आणून दिलं होतं आणि पुण्याचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं. अण्णांची ओळ मिळाली की सुवर्णपदक आपलंच, याबद्दल श्रीरंगला शंका नव्हती.

"अक्षरं सुबक आहेत," अण्णा म्हणाले.

"म्हणजे खरं?"

"मी कोरली असती तर अशीच आली असती."

श्रीरंगला क्षणभर समजलं नाही. मग समजलं.

"तुम्ही कोरली नाहीत?"

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. पुढचं त्यांनी सावकाश, आवाज न चढवता सांगितलं. त्या वर्षी दरबारानं गायरानं बंद केली. कुंभारखेड्याची माणसं गुरं घेऊन राजवाड्यासमोर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी गोळीबार झाला. चार माणसं गेली. त्यांतली एक सोळा वर्षांची मुलगी होती, गुरांना पाणी दाखवायला उठली होती. महिन्याभरात नव्या तिकिटाचा हुकूम आला. जुना ठसा झिजला होता, नवा अण्णांनी कोरायचा होता.

"घोडा कोरला," अण्णा म्हणाले. "चेहरा कोरला. चेहरा त्याचाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. मग शब्दाची पाळी आली. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. मी 'प्र'ला हात घातला..."



"आणि?"

"कोरणी खाली ठेवली."

त्यांनी उजवा हात श्रीरंगसमोर धरला. पहिली दोन बोटं वाकत नव्हती. श्रीरंगनं ती सहा वर्षं पाहिली होती. वातामुळे असेल, असं तो समजत आला होता.

ती कोठडीत मोडली होती. अण्णा सात महिने आत होते. त्या काळात संस्थानात तिकीटच छापलं गेलं नाही. बाहेरून नवा कारागीर मिळेपर्यंत आठ महिने गेले. तोवर पत्रं हद्दीपलीकडच्या स्टेशनवर, इंग्रजांच्या पेटीत पडत होती. दरबारचीसुद्धा.

"आठ महिने आमच्या राजाच्या पत्रावर दुसऱ्याच राजाचं तोंड होतं," अण्णा म्हणाले आणि किंचित हसले.

श्रीरंग हसला नाही. त्यानं व्यापाऱ्याचं तिकीट उचललं, पाकिटात घातलं आणि निरोप न घेता निघून गेला. त्याला राग आला होता. कुणाचा, ते त्याला सांगता आलं नसतं.

पुण्याच्या प्रदर्शनात ते पान रिकामंच लागलं. मधली चौकट कोरी होती. तिच्याखाली श्रीरंगनं आपल्या अक्षरात लिहिलं होतं: 'या वर्षी तिकीट निघालं नाही. ठसे कोरणाऱ्यानं नकार दिला.'

पहिल्याच दिवशी परीक्षक आले. संग्रह अपुरा आहे, म्हणाले. नकाराला पुरावा काय, म्हणून विचारलं. एका म्हाताऱ्याची दोन बोटं, असं श्रीरंगनं सांगितलं. परीक्षक म्हणाले, इथे कागद लागतो. ते पान काढून घेतलंत तर बाकीचा संग्रह पदकाच्या तोडीचा आहे. संध्याकाळपर्यंत विचार करा.

"विचार झालाय," श्रीरंग म्हणाला. "पान राहील."

त्याचा संग्रह स्पर्धेतून काढला गेला. पाटीवर तसं लिहूनही लावलं. मांडलेलं उचलून न्यायची मुभा त्याला होती, पण तो तीन दिवस त्या कोऱ्या चौकटीशेजारी उभा राहिला. जो कुणी थांबेल त्याला गायरानाची, त्या मुलीची, कोरणीची हकिगत सांगत राहिला. शेवटच्या दिवशी त्याचा घसा बसला होता. ओळखीचे दोन संग्राहक त्याला पाहून दुसऱ्या रांगेत वळले.

पदक दुसऱ्याला मिळालं.

चौथ्या दिवशी तो अण्णांच्या दारात उभा होता. अण्णा उन्हात बसून पायांना तेल लावत होते. त्यांनी बस म्हटलं नाही, तरी तो बसला. झालं ते सगळं त्यानं बसक्या आवाजात सांगितलं. मग पुण्याहून येताना वाटभर जे मनात घोळत होतं, ते विचारलं.

"अण्णा, राजा तर राहिलाच. शब्दही पुढच्या साली दुसऱ्यानं कोरला. गायरानं काही परत मिळाली नाहीत. तुमची बोटं मात्र गेली. मग त्या नकारानं झालं काय?"

अण्णांनी दुसरा पाय पुढे घेतला.

मग त्यांनी विचारलं, "स्पर्धेतून काढल्यावर तू किती दिवस उभा होतास?"

"तीनही दिवस. प्रदर्शन संपेपर्यंत."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"पदक मिळेल असं वाटत होतं?"

"नाही."

अण्णांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग मला कशाला विचारतोस?"