टिकलीच्या पोटातली गुडगुड

तांबडमाळ नावाच्या डोंगरावर मोटार येत नव्हती. सायकलसुद्धा येत नव्हती. वाट एवढीशी, वळणावळणाची आणि कुंकवासारखी लाल. तिच्यावरून चालायचं ते माणसांनी, नाहीतर घोड्यांनी. म्हणून डोंगरावर घरटी एक घोडा असे. हिरूच्या घरी घोडी होती. बदामी रंगाची, मऊमऊ कानांची, लांबलचक पापण्यांची, आणि कपाळावर पांढराशुभ्र इवलासा ठिपका. तिचं नाव टिकली.

त्या उन्हाळ्यात हिरूच्या घरची दशा फार वाईट होती. तिचे आबा वाटेवर घसरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. पायाला फळ्या बांधून ते दारातल्या खाटेवर पडून असत. घोडीवर सामान लादून बाजाराला जायला कुणी उरलं नाही. आई डोक्यावरून मोळ्या वाहायची. रात्री जेवताना आई म्हणायची, "मला भूक न्हाई," आणि आपली भाकरी हिरूकडे सरकवायची. हिरू म्हणायची, "मला बी न्हाई," आणि परत तिकडे सरकवायची. अशा दोघी खोटं बोलायच्या, आणि दोघींना ते ठाऊक असायचं.

टिकलीची सगळी कामं आता हिरूवर आली. हिरू केवढी म्हणाल, तर टिकलीच्या पाठीवर हात ठेवायला तिला दगडावर चढावं लागे! पण आबा खाटेवरून सांगत आणि ती करत जाई.

"मागनं जाऊ नगंस, ती दचकंल. खांद्याकडनं जा, आन बोलत बोलत जा."

हिरू बोलत बोलत जाई.

"आता खूर उचल. मधला भाग मऊ असतो, त्याला टोचू नगंस. कडंकडंनं खडे काढ."

हिरू जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, एकेक खडा काढी. टिकली आपला एवढा जड पाय त्या एवढ्याशा हातात देऊन शांत उभी राही. हिरूला दरवेळी नवल वाटे. एवढं मोठं जनावर, एका लाथेत दार मोडेल, आणि ते मला पाय देतं!

एके सकाळी हिरू टिकलीला जांभळीच्या बनात चरायला घेऊन गेली. गवत सुकून पिवळं पडलं होतं, पण बनात सावली होती. टिकली इकडेतिकडे काड्या वेचत होती आणि हिरू तिला खरारा करत होती. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश. खर्र खर्र, खर्र खर्र. टिकलीच्या अंगावरची लाल धूळ उडाली, फांद्यांमधून आलेल्या कवडशात शिरली, आणि चमकायला लागली.

आधी तांबूस चमकली. मग शेंदरी. मग सोनेरी. मग ती धूळ गोल गोल फिरू लागली, आणि त्या भिरभिरत्या सोन्यातून दोन पंख उघडले! चतुराच्या पंखांसारखे पातळ, काठांना मोरपंखी रंगाची झालर. पंखांच्या मध्ये एक इवलीशी परी होती, चिमणीएवढी असेल नसेल. अंगात अबोली रंगाचा झगा, केसांत दवाचे थेंब. हिरूच्या हातातला खरारा गळून पडला.

टिकली मात्र घाबरली नाही. तिने कान पुढे केले आणि परीचा वास घेतला.

"हिरू," परी म्हणाली, आणि बनातली सगळी पानं हळूच सळसळली, "मी तुला रोज बघते. तू आधी घोडीला सावलीत उभी करतेस, मग आपण सावलीत जातेस. आधी तिच्या खुरातला खडा काढतेस, मग तुझ्या पायातला काटा. मी तुला दोन मागणी देते. पण नीट ऐक हं. मागायचं ते टिकलीसाठी, तुझ्यासाठी नाही. आणि एकदा दिलेलं मी परत घेत नाही. दुसरं मागणं खर्च करूनसुद्धा पहिलं पुसता येत नाही."

हिरूने विचार केला का? छे! विचार करायला पोटात काहीतरी असावं लागतं. ती पटकन म्हणाली,

"हरभरा! लई लई हरभरा! आन गूळ!"

"हे टिकलीसाठीच ना?" परीने विचारलं.

"व्हय, व्हय, तिच्यासाठीच!"

परीने पंख झटकले. जांभळीच्या मुळाशी टपटप टपटप दाणे पडू लागले. टपोरे, पिवळेधमक, सोन्याच्या मण्यांसारखे. बघता बघता ढीग हिरूच्या कमरेएवढा झाला, आणि त्यावर मधाच्या रंगाचे गुळाचे खडे लखलखले. टिकलीने त्यात तोंड खुपसलं आणि ती कडाकडा खाऊ लागली. हिरू हात मागे बांधून बघत राहिली. गुळाचा वास येत होता, तोंडाला पाणी सुटलं होतं, पण एक दाणाही तिने उचलला नाही. मागणं टिकलीचं होतं ना!

ऊन डोक्यावर आलं आणि टिकली खायची थांबली. तिने मान वळवून आपल्याच पोटाकडे बघितलं. पुढच्या पायाने जमीन उकरली. तिच्या मानेवर घामाचे थेंब आले, आणि ती गुडघे वाकवून खाली बसू लागली.

"टिकले! काय गं? काय झालं?"

परीचे पंख फिके पडले होते.

"परत घे! तुझा हरभरा परत घे!" हिरू ओरडली.

"नाही घेता येत," परी हळू आवाजात म्हणाली. "मी विचारलं होतं, हिरू. ते मागणं टिकलीचं नव्हतं. तुझ्या रिकाम्या पोटाचं होतं."

हिरूने दावं धरलं आणि टिकलीला ओढत, चुचकारत, रडत रडत घरी आणली.

आबांनी घोडीकडे एकदाच बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय खाल्लं हिनं?"

"हरभरा. ढीगभर."

कुठून आला हे विचारायला वेळ नव्हता. "आधी पाणी पाजलं व्हतंस?"

"बादली रिकामी व्हती, आबा. टाक्यावर जायचं ऱ्हायलं." पाण्याचं टाकं अर्धा डोंगर उतरून खाली होतं.

"पोरी, घोड्याला ओकता येत न्हाई," आबा म्हणाले. "पोटात गेलं की गेलं. म्हणून आधी पाणी, मग गवत, आन दाणा उगं ओंजळभर."

हे त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशाला? त्या घरात कुणाचं जास्त खाऊन पोट दुखल्याचं कधी झालंच नव्हतं.

"कुशीला कान लाव तिच्या. काय ऐकू येतंय?"

हिरूने टिकलीच्या घामेजल्या कुशीला कान लावला. "काईच न्हाई, आबा."

आबा म्हणाले, "घोड्याचं पोट कधी गप नसतंय. दिस-रात गुडगुडत असतंय. ते बोलाय लागलं, तरच घोडी वाचली."

आई तेव्हाच मोळी टाकून आली होती. ती तशीच डोंगर उतरून जनावरांच्या डॉक्टरांना आणायला धावली. पण खालचा गाव लांब, दिवस मावळेपर्यंत ती येणं कठीण होतं. आबांनी खाटेवरून उठायचा प्रयत्न केला आणि कळवळून मागे पडले. "हिरू, तूच आता! दाणा न्हाई, गवत न्हाई. फिरव तिला. सावकाश. दमली तर उभी कर, पण लोळू देऊ नगंस. लोळली तर आतडं पिळवटतं."

हिरू टिकलीला फिरवू लागली. अंगणातून वाटेवरच्या पिंपरणीच्या झाडापर्यंत, पिंपरणीपासून अंगणापर्यंत. टिकली थांबली की तीही थांबे, कुशीला कान लावी, आणि आत काहीच नसे. पायाखालची माती तापून चटके देत होती. टिकली खाली बसायला वाकली की हिरू तिच्या मानेला मिठी मारून म्हणे, "न्हाई गं माझे राणी. चल. माझ्यासंगं चल." आणि ती घोडी, दुखण्याने थरथरत, पुन्हा पाऊल उचली. हिरूला भीती वाटत होती आणि स्वतःचा राग येत होता. पण टिकली अजून आपलं ऐकते आहे, हे बघून तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

परी टिकलीच्या आयाळीत बसली होती. ती फक्त हिरूला दिसत होती.

"हिरू, दुसरं मागणं शिल्लक आहे," ती म्हणाली. "हिला बरी करणं माझ्या हातात नाही. पण हिच्या जागी मी दुसरी घोडी देऊ शकते. बघ."

आणि वाटेवर एक घोडी उभी राहिली. कशी सांगू! अंग चांदण्याचं, आयाळ सोनेरी धुक्याची, खुरांखाली निळ्या ठिणग्या. तिने मान हलवली तर हवेत तारे सांडले. एवढं सुंदर हिरूने जन्मात काही पाहिलं नव्हतं.

"हिला दाणा नको, पाणी नको," परी म्हणाली. "ही आजारी पडत नाही. हिच्या खुरात खडा जात नाही. हिला खरारा लागत नाही."

हिरू बघत राहिली. मग तिने विचारलं, "कानामागं खाजवलं तर तिला बरं वाटंल?"

"तिला कशानेच बरं वाटत नाही, आणि वाईटही वाटत नाही."

"मी हाक मारली तर मान वळवंल?"

"तिला कुणाची हाक लागत नाही, हिरू."

"मग तिला मी कशाला पाहिजे?" हिरू म्हणाली. तिने डोळे पुसले, टिकलीचं दावं धरलं आणि त्या चांदण्याच्या घोडीला वळसा घालून ती पुढे चालू लागली. मागे तारे विझले ते तिने बघितलंही नाही.

ऊन कललं. झाडांच्या सावल्या लांब झाल्या. पिंपरणीपाशी टिकली थांबली, आणि हिरूने पुन्हा कान लावला. आत शांत होतं. ती तशीच गाल टेकून उभी राहिली.

आणि मग, अगदी खोल, कुठेतरी आत, काहीतरी हललं.

गुड.

हिरूने श्वास रोखला.

गुड... गुडगुड... गुडगुडगुडगुड!

"आबा! बोलतंय! पोट बोलतंय!"

टिकलीने शेपूट उचललं आणि भद्द भद्द भद्द, वाटेच्या मधोमध लिदीचा ढीग टाकला. मोठी माणसं इथे नाक मुरडतील. मुरडू देत! तांबडमाळावर त्या दिवशी सोनं चमकलं, तारे सांडले, पण त्या वाफाळत्या हिरव्या ढिगाइतकं सुंदर काही नव्हतं. हिरू त्याच्याभोवती नाचली. आबा खाटेवर हसत होते आणि रडतही होते. परी दोन्ही हात गालांवर ठेवून बघत राहिली. तिने इतकी वर्षं जादू केली होती, पण असं काही तिला कधी जमलं नव्हतं.

सूर्य टेकला तेव्हा आई डॉक्टरांना घेऊन धापा टाकत आली. डॉक्टरांनी टिकलीच्या कुशीला नळी लावून खूप वेळ ऐकलं.

"वाचली," ते म्हणाले. "कुणी फिरवलं हिला?"

"माज्या हिरूनं," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी हिरूच्या डोक्यावर हात ठेवला. "आज दाणा बंद. फक्त पाणी. पण थोडं थोडं बरं का, एकदम नाही."

आईने बादलीकडे बघितलं. टिकली बादलीचा कोरडा तळ चाटत होती.

परी हिरूच्या खांद्यावर येऊन बसली. "आता माग," ती कुजबुजली.

या वेळी हिरूने घाई केली नाही. ती टिकलीजवळ गेली. तिचे कान बघितले, सुकलेले ओठ बघितले, तळ चाटणारी जीभ बघितली. मग तिच्या कपाळाला कपाळ लावून ती जराशी थांबली.

"पाणी," हिरू म्हणाली. "हितं. रोज."

"हे कुणाचं मागणं?"

"टिकलीचं."

परी उडाली. घरामागच्या काळ्या कातळाला तिने बोट लावलं. कातळावर चांदीची रेघ उमटली, रेघेतून थेंब आला, थेंबामागून थेंब आले, आणि खळखळ करत झरा वाहू लागला! गार, निळसर, नितळ. आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. आबांनी खाटेवरूनच हात जोडले. डॉक्टर तर चष्मा काढून पुसतच बसले. ते पाणी पुढे कधीच आटलं नाही, आणि डोंगरावरचे सगळे घोडे त्यावर आले.

परीचे पंख उजळले. मोरपंखी झालर, अबोली झगा, दवाचे थेंब, सगळं सगळं उजेड होत गेलं. "हिरू, मागणं कुणाचं ते आता तुला विचारावं लागणार नाही," असं ती म्हणाली, आणि तो उजेड पाण्यावर पसरून विरघळला. अंगणातल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे थोडा वेळ सोनेरी ठिपके नाचत राहिले.

टिकलीने झऱ्यात तोंड घातलं. घट, घट, घट. हिरूने थोडा वेळ तिला पिऊ दिलं, आणि मग दावं ओढून मागे घेतलं.

"अगं, पिऊ दे की पोटभर!" आबा खाटेवरून ओरडले. आनंदात त्यांचं भान सुटलं होतं. "एवढं पाणी हाय, पिऊ दे तिला!"

"न्हाई, आबा," हिरू म्हणाली. "थोडं थोडं."

टिकलीने रागावून पाय आपटला. हिरू तिच्या ओल्या नाकावर हात फिरवत उभी राहिली. पाणी कुठे पळून जात नव्हतं. जरा वेळाने तिने दावं सैल सोडलं, आणि टिकली पुन्हा पाणी पिऊ लागली.