झोपेचं पाणी आणि हौसाचा चिखल

मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा? पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर, की चिखलाने भरलेल्या पायांवर? देवसरीच्या महाराजांनी उपरण्यावर ठेवला, आणि निम्मं नगर भर दुपारी घोरू लागलं.

महाराजांना झोप येईना, म्हणून राजवैद्य त्र्यंबकशास्त्री निद्रारस शिजवू लागले. महाराज प्यायचे वाटीभर, शास्त्रीबुवा शिजवायचे कढईभर. उरलेला रस नाल्यात. नाल्याचा एक फाटा चुना मारलेल्या दगडी पाटातून तळ्यात जाई, दुसरा गवळवाड्याच्या चिखलातून. तळ्याचं पाणी पिऊन पहारेकरी भाल्याला टेकून पेंगत. देवळातला गुरव तर घंटेच्या दोरीला लोंबकळूनच झोपला.

शास्त्रीबुवांनी निदान केलं, "दोष गवळवाड्याच्या चिखलाचा, महाराज. वस्ती उठवा. माझा पाट पाहा, रोज चुना मारतो."

हौसा गवळण दरबारात उभी राहिली. "महाराज, माझ्या म्हशी त्याच चिखलातलं पाणी पितात. त्या झोपल्या असत्या तर आज तुमच्या मुदपाकखान्यात दूध कुठून आलं असतं?"

"तोंड फार चालतं तुझं," महाराज म्हणाले. "मग तळ्यातलं घागरभर पाणी घे आणि त्यातली झोप काढून दाखव. उकळायचं नाही, कुठली मुळी घालायची नाही. आठ दिवसांत जमलं नाही, तर गवळवाडा उठला."

घरदार, गोठे, सगळं पणाला लागलं. पण हौसा म्हणाली, "एक नको महाराज, दोन घागरी द्या."

पहारेकऱ्यांदेखत तिने एका घागरीत गवळवाड्याचा कच्चा चिखल घातला. दुसरीत तोच चिखल, पण खापरावर लाल होईस्तोवर भाजून, गार करून. दोन्ही रोज ढवळल्या. आठव्या दिवशी पाणी फडक्याने गाळलं आणि दरबारात मांडलं.

"बुवा, निवड तुमची. उरलेलं मी पिते."

"अग्नीने शुद्ध झालेल्या चिखलाचंच घेईन," म्हणत शास्त्रीबुवांनी भाजल्या चिखलाचं तांब्याभर पाणी रिचवलं आणि दरबाराला उपदेश सुरू केला, "शुद्धतेचं महत्त्व असं, की..." महत्त्व तिथेच राहिलं. मान प्रधानजींच्या खांद्यावर, आणि घोरणं साऱ्या दरबारात.

हौसा कच्च्या चिखलाचं दोन तांबे पाणी प्यायली आणि टक्क डोळे उघडे ठेवून उभी राहिली.

महाराज चक्रावले. "पाणी तेच, चिखल तोच. मग हे काय?"

"महाराज, उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का? चिखलातही तसेच जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. वर्षानुवर्षं बुवांचा रस खाऊन त्यांना तो पचायला लागलाय. भाजले की मेले. बुवांनी पाटाला चुना मारून मारून तिथल्यांचाही जीव घेतला. पाट पांढरा झाला, पाणी तसंच राहिलं."

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर आली. शास्त्रीबुवा तरी कुठे जागे होतात!

गवळवाड्याची जागा कायमची गवळ्यांची झाली. चुना बंद झाला, आणि उरलेला सगळा रस आधी हौसाच्या चिखलातून जाईल असं ठरलं.

"आणखी काय देऊ?" महाराजांनी विचारलं.

"एवढंच करा. तळं निवळलं की ते कुणी निवळवलं, हा हिशेब दप्तरात खरा लिहा. आणि आत्ताच लिहा महाराज, बुवा झोपलेत तोवर."