अडीच लाडू

शाळा तपासायला आलेले ढवळेसाहेब चुका काढण्यात पटाईत. पाचवीच्या फळ्यावर ०.५ × ०.५ = ०.२५ दिसताच ते गरजले, "साफ चूक! पाच पंचे पंचवीस. दोन्ही संख्यांत बिंदूपुढे एकच आकडा, मग उत्तरातही एकच हवा. उत्तर अडीच! पोरांना भलतंच शिकवता? थांबा, चांगला शेरा मारतो तुमच्यावर."

वर्गाला गणित शिकवणाऱ्या हेमलताबाई खडू घेऊन फळ्याजवळच उभ्या होत्या. तेवढ्यात तपासणीच्या रिवाजाप्रमाणे साहेबांसाठी चहा आणि बेसनाचा लाडू आला. बाईंना एकदम सुचलं. त्यांनी लाडू अर्धा केला, त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा केला आणि तेवढाच तुकडा बशीत घालून पुढे केला.

"घ्या साहेब, अर्ध्याचा अर्धा. तुमच्या हिशेबानं अडीच लाडू झाले. सावकाश खा."

साहेब भडकले. "थट्टा करता? हे अडीच लाडू? अहो, हा जेमतेम पाव आहे, पाव!"

"तेच तर फळ्यावर लिहिलंय, साहेब. पंचवीस शतांश म्हणजे पावच."

वर्ग खुदकन हसला. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं आणि शेऱ्यासाठी काढलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं.

"बरोबर आहे बाई तुमचं," ते पुटपुटले. "आता तो उरलेला पाऊणही द्या."

बाईंचा जीव भांड्यात पडला.