भोपळ्याची तीन फुलं

बोरखडी गावाच्या टोकाला, ओढ्याच्या पल्याड, एक शेत होतं आणि त्या शेतात तानी राहत होती. तानी आठ वर्षांची. तिच्या झग्याला चार रंगांची चार ठिगळं होती, पण खेळायला सवंगडी मात्र एकही नव्हता. असणार कुठून? तिच्या अण्णांनी शेताभोवती बाभळीच्या काट्यांचं उंच कुंपण घातलं होतं. आत या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसता कांदा. वर्षातून एकदा लांबच्या शहरातून ट्रक यायचा आणि सगळा कांदा घेऊन जायचा. गावातल्या कुणी त्या शेतात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

यंदा ट्रक आलाच नाही. ढिगातल्या कांद्यांना हिरवे कोंब फुटले. घरात रोज कांद्याचंच कालवण शिजू लागलं. मग एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "तीन दिसांनी मामाच्या गावाला जायचं. शेत पडू दे तसंच." आई बोचक्यांसाठी जुनी लुगडी काढू लागली. तानीला मात्र रडू कोसळलं. तिचा फार फार जीव होता त्या शेतावर.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ती उकिरड्याकडे गेली. तिथं आपोआप उगवलेला भोपळ्याचा एक वेल होता, आणि त्याला ती रोज ओंजळभर पाणी घालायची. आज वेलावर तीन टपोऱ्या कळ्या होत्या. बघता बघता पहिली उमलली. पिवळ्याधमक फुलात एक इवलीशी परी बसली होती. झगा हळदीच्या रंगाचा, आणि चिमुकल्या पंखांवर दवाचे थेंब लुकलुक करत होते.

"तू वेलाची तहान भागवलीस, बाळ," परी म्हणाली. "म्हणून तीन फुलं, तीन मागणी. पण नियम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही. दुसऱ्याला विचारायचं, तुला काय हवंय, आणि त्याच्याच तोंडून ऐकून मला सांगायचं. ऊन चढलं की फूल मिटतं. मग मी गेले."

तानी काट्यांखालून सरपटत निघाली ती थेट ओढ्यापलीकडच्या पहिल्या घरी. तिथं धुरपाआजी शेकोटीशी बसली होती.

"आजी, तुला काय पायजे गं?"

आजी तिच्याकडे बघतच राहिली. "हे मला कुणी इचारलंच न्हाई कवा. दात न्हाईत माज्या तोंडात, पोरी. चाकवताची मऊ मऊ भाजी खावीशी वाटती. बाजारातनं येती ती पार सुकून."

तानीनं धावत येऊन सांगितलं. परीनं कांडी फिरवली आणि कांद्याच्या कडेला चाकवताचा हिरवागार वाफा डोलू लागला. तानीनं टोपलीभर भाजी आजीला नेऊन दिली.

पुढच्या पहाटे दुसरं फूल उमललं, तेव्हा तिनं शाळेच्या वाटेवरच्या पोरांना विचारलं. "चढायला पेरूची झाडं," पोरं एका सुरात म्हणाली. परीला सांगताच शेतात ठेंगण्याठुसक्या पेरूंची एक रांग उभी राहिली, फांदी फांदी पोपटी फळांनी लगडलेली. पण कुंपणाबाहेर पोरं नुसती टाचा उंचावून बघत राहिली. काट्यांतून आत येणार कशी?

तिसरी सकाळ उजाडली, तिसरं फूल उमललं. घरात बोचकी बांधली जात होती.

"परी, अण्णांनी शेत सोडू नये," तानी हुंदके देत म्हणाली.

"हे तर तुझंच मागणं, बाळ," परी हळूच म्हणाली. "ते मला देता येत नाही."

तानी डोळे पुसून अण्णांकडे गेली. "अण्णा, तुमाला काय पायजे?"

अण्णांचे हात थांबले. "मला? या काट्यांच्या आत ट्रकवाल्याबिगर कुणी आलंच न्हाई, तानू. माणसं यावीत, बसावीत, बोलावीत. आनि काय."

तिनं ते परीला सांगितलं. परीनं मान हलवली. "काटे ज्यानं रोवले, त्यानंच काढायचे. तिथं माझी कांडी चालत नाही. तुझं तिसरं मागणं तसंच राहिलं."

अण्णांना परी दिसली नाही, पण आजही बाहेर ताटकळलेली पोरं दिसली. आपण इतकी वर्षं कुणाला अडवत होतो, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. काठी घेऊन त्यांनी काट्यांच्या फांद्या एकेक करून बाजूला ओढल्या. पोरं आत घुसली आणि पेरूंवर चढलीसुद्धा. त्यांच्या मागून धुरपाआजी टोपली घेऊन आली. टोपलीत पुरचुंड्याच पुरचुंड्या होत्या. मेथी, वाल, गवार, लाल भोपळा, सगळं घरचं बियाणं.

"रिकामी टोपली कशी परत द्यायची?" आजी म्हणाली. मग तिनं तानीची हनुवटी धरली. "समद्यांना इचारत फिरलीस. आन तुला गं? तुला काय पायजे?"

ऊन फुलाच्या अगदी कडेशी येऊन ठेपलं होतं. फुलातून परी कान देऊन ऐकत होती.

"मला हितंच ऱ्हायचंय," तानी म्हणाली. "अण्णा आन आईसंगट."

"मग तुमाला जाऊ देतंय कोण?" आजी अण्णांकडे वळली. "रोजची भाजी आमी न्यायची कुठनं?"

अण्णांनी बोचक्याची गाठ सोडली. "आता तुला दुसऱ्यानं विचारलंय," म्हणत त्याच क्षणी परीनं कांडी उचलली, सोन्यासारखा लख्ख उजेड शेतभर पसरला आणि पाकळ्या मिटल्या. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. पुरचुंड्यांतलं सगळं बी वाफ्यावाफ्यांत उगवून आलं होतं.

त्या शेतात कांदा अजूनही असतो, पण एकाच कोपऱ्यात. बाकी सगळं गावाला हवं ते. आलेल्या प्रत्येकाला तानी विचारते, तुला काय पायजे, आणि कुणी ना कुणी रोज तिलाही विचारतं.