भुंग्याचा जुना आवाज

‘‘...मग तो मोठा झाला, तर तो भुंग्याच राहील का?’’



विचारणारा होता कौस्तुभ आठल्ये. सकाळीच पुण्याहून निघून तो पंचगंगेकाठच्या त्या गावी आला होता. गावातल्या जैन मंदिराला सगळे बस्ती म्हणत. बस्तीच्या सभामंडपात तो चटईवर बसला होता. समोर, अंतर सोडून, लाकडी पाटावर जैन साध्वी, आर्यिका उपशममती माताजी. अंगावर पांढरी सुती साडी. डोक्यावरचे केस हातांनी उपटून काढलेले. शेजारी मोरपिसांची पिंछी. मांडीवर उघडं शास्त्र.

भुंग्या म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनमधला मुलगा. वय वर्षं आठ. मालिका सुरू झाली तेव्हा आठ, आणि सतरा वर्षांनीही आठच. पहिल्या वर्षी त्याला पाहणारी मुलं आता नोकरीला लागली होती. भुंग्या अजून तिसरीत होता.

कौस्तुभ त्या मालिकेचा मुख्य लेखक.

आणि भुंग्याचा आवाज, पहिली नऊ-दहा वर्षं, समोर बसलेल्या माताजींचा. तेव्हा त्या माताजी नव्हत्या. सुनीती मगदूम होत्या. आठ वर्षांच्या मुलाचा आवाज काढणाऱ्या तिशीतल्या बाई.

कौस्तुभ लिहायला शिकला तो त्यांच्याकडून. नवखा असताना तो भुंग्याच्या तोंडी लांबच लांब वाक्यं घालायचा. सुनीतीताई कागद वाचायच्या, बाजूला ठेवायच्या आणि माइकसमोर नुसत्या रडायच्या. मग म्हणायच्या, रडणारं पोर कारण सांगत बसत नाही रे. तो मुकाट्याने वाक्यं खोडायचा.

एका उन्हाळ्यात त्यांनी दीक्षा घेतली. का घेतली, ते कुणाला सांगितलं नाही.

आज आल्याआल्या त्याने ‘ताई’ म्हणून हाक मारली होती. माताजींनी शास्त्रावरून डोळे उचलले नाहीत. ऐकू आलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हा खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाई हळूच म्हणाल्या होत्या, ‘‘माताजी म्हणा.’’

तो माताजी म्हणाला. मग त्यांनी वर पाहिलं, आणि आशीर्वादाचा हात उचलला.

त्या म्हाताऱ्या बाईंना कौस्तुभ ओळखत होता. पद्माक्का. सुनीतीताईंच्या आई. पूर्वी स्टुडिओत यायच्या तेव्हा सगळ्यांना पुरेल एवढं भडंग आणायच्या. आता चातुर्मासापुरती त्यांनी गावात एक खोली घेतली होती. रोज बस्तीत यायच्या. पोटच्या लेकीसमोर गुडघे टेकून ‘वंदामि माताजी’ म्हणायच्या आणि खांबाशी जाऊन बसायच्या.

घर सोडलेल्या बाईला आई नसते. त्यामुळे लेक त्यांना आई म्हणत नव्हती.

आई मात्र लेकीला माताजी म्हणत होती.

गावाला यात काही वेगळं वाटत नव्हतं...

‘‘आत्तापर्यंत त्याचं काय झालं?’’ माताजींनी विचारलं. ‘‘भुंग्याचं.’’

कौस्तुभला हेच हवं होतं. तो भरभरून सांगू लागला. जुन्या भागांत नुसता गोंधळ होता. भुंग्याचा हात मोडायचा आणि पुढच्या आठवड्यात तो झाडावर चढलेला असायचा. कुत्रं हरवायचं, सगळं गाव रडायचं, आणि पुढच्या भागात तेच कुत्रं अंगणात झोपलेलं. काल काय झालं ते आज कुणालाच ठाऊक नसायचं. हे सगळं त्याने बंद करायचं ठरवलं होतं. आता भुंग्या पाचवीत जाणार होता, मग सातवीत. ज्या झाडावरून पडला त्या झाडाची त्याला भीती वाटणार होती. गाव सोडून गेलेला मित्र परत येणार नव्हता. बाकीच्यांनी मुलाचं चित्र काढलं, मी माणूस करतोय, असंही तो बोलून गेला.

‘‘त्याला आता सगळं आठवेल, माताजी.’’

‘‘आठवलं की माणूस मोठा होतो?’’



‘‘मग कशाने होतो?’’

 पिंछीची दोन पिसं दुमडली होती, ती माताजींनी बोटाने सरळ केली.

मग त्याने दुसरी गोष्ट काढली. खरं तर त्यासाठीच तो आला होता.

त्यांच्यानंतर भुंग्याला एका नव्या मुलीचा आवाज होता. आवाज चांगला होता, मुलगी मेहनती होती. पण आता लोक मोबाइलवर पहिल्यापासून सगळे भाग ओळीने बघतात. मधेच एका भागात मुलाचा आवाज बदलतो आणि बघणारा बिचकतो. तशा तक्रारी येत होत्या. म्हणून ठरलं होतं, की जुने सगळे भाग नव्या आवाजात पुन्हा भरायचे. चित्र तेच, वाक्यं तीच, आवाज तेवढा नवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच मुलगा. कंटिन्युइटी, तो म्हणाला. मग त्याला वाटलं, इथे हा शब्द बरा नाही. म्हणाला, सलग होईल सगळं.

कागदोपत्री त्यांच्या परवानगीची गरज नव्हती. पण विचारल्याशिवाय त्याला चैन पडेना.

त्याने फोन काढला. नवा आवाज ऐकणार का, म्हणून विचारलं. माताजींनी मान हलवली. नको.

‘‘माझी हरकत कशी असेल?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो आवाज माझा नाही.’’

कौस्तुभला हायसं वाटलं. त्याने हात जोडले. आता निघावं, अंधार पडायच्या आत हमरस्त्याला लागू, असा विचार त्याच्या मनात येत होता.

‘‘जुनं पुसणार व्हय?’’

खांबाकडून आवाज आला. पद्माक्का माताजींच्या दुसऱ्या दिवशीच्या आहारासाठी ताटात गहू चाचपून निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात ताटातच थांबला होता.

कौस्तुभने त्यांना समजावलं. पुसायचं काहीच नाही, काकू. भुंग्या तोच, त्याचं घर तेच, आई तीच. फक्त बोलेल तेवढं नव्या आवाजात.

पद्माक्कांनी ते ऐकून घेतलं. मग त्या बोलू लागल्या. लेकीकडे न बघता, फक्त त्याच्याकडे बघत.

त्यांच्या नातवाने त्यांना फोनमध्ये सगळे जुने भाग लावून दिले होते. दुपारी जेवण आटोपलं की त्या एक भाग लावायच्या. खोलीत, दार लोटून. त्यातलं कुत्रं, झाडं, मारामाऱ्या यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला भुंग्या शाळेतून घरी येतो, तेवढंच त्या ऐकायच्या.

‘‘चित्र काय दिसत न्हाई आता. मोतीबिंदू हाय. मी नुसतं ऐकती. त्यो येतोय, दप्तर टाकतोय, आन् म्हणतोय... आई, मी आलो गं.’’

त्यांनी ताटातला एक खडा बाजूला काढला.

‘‘मी म्हणती, ये.’’

...

मग हे आपण कुणासमोर बोललो, ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान खाली घातली. लेकीने मोह सोडला, घर सोडलं, नाव सोडलं. आणि आपण रोज दुपारी दार लोटून तिला परत आणतो, हे तिच्याच तोंडावर सांगून बसलो.

माताजी शास्त्राकडे बघत होत्या. पान उलटलं नाही.

कौस्तुभला ते वाक्य चांगलं आठवत होतं. आई, मी आलो गं. प्रत्येक भागात तेच वाक्य, तशाच्या तसं. एकदा भरून ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण सुनीतीताई ऐकायच्या नाहीत. दर भागाला ते वाक्य नव्याने बोलायच्या. वेळ जातो म्हणून ध्वनिमुद्रण करणारा वैतागायचा, कौस्तुभही वैतागायचा. त्या म्हणायच्या, पोर रोज घरी येतं, म्हणून रोजचा दिवस एकच असतो का?

आणि नव्या भागांतून हे वाक्य त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. पाचवीतला मुलगा घरात शिरताना आईला हाक मारत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. भुंग्या मोठा झाल्याची ती पहिली खूण. मीटिंगमध्ये ते सगळ्यांना फार आवडलं होतं.



‘‘माताजी, आवाज तुमचा नाही म्हणालात. मग मी बदलू?’’

‘‘तुझाही नाही.’’

‘‘मग कुणाचा?’’

माताजींनी शास्त्र मिटलं. कापडात गुंडाळून पाटावर ठेवलं. बाहेर उन्हं कलली होती. संध्याकाळच्या सामायिकाची, म्हणजे ध्यानाला बसायची वेळ होत आली होती. त्यांनी पिंछी उचलली आणि उठल्या. त्यांच्या खोलीकडे जायची वाट खांबाजवळूनच होती.

लेक आपल्याकडे येते आहे, हे चाहुलीने ओळखून पद्माक्का गडबडल्या. वाट सोडावी म्हणून घाईने उठायला गेल्या. गुडघ्याने साथ दिली नाही. ताट कलंडलं आणि गहू वाटेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला.

‘‘सुनी, पाय...’’

माताजींचा उचललेला पाय तिथेच थांबला.

धान्याच्या दाण्यात जीव असतो. आर्यिका त्यावर पाय देत नाही. दाणे उचलल्याशिवाय त्यांना पुढे जाता येणार नव्हतं.

पाय गव्हामुळे थांबला की नावामुळे, हे कुणाला कळलं नाही. दीक्षेनंतर इतक्या वर्षांत ते नाव पद्माक्कांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हात जोडले. मग काहीच न सुचून त्या खाली बसल्या आणि गहू वेचू लागल्या.

कौस्तुभ मदतीला उठला.

‘‘ऱ्हाऊ दे बाबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीच येचती.’’

पदराने एकदा लोटले असते, तरी पाऊल टाकण्यापुरती वाट मोकळी झाली असती. त्यांनी लोटले नाहीत. त्या एकेक दाणा वेचत होत्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून फरशीवर बोटं फिरवायची, दाणा लागला की चिमटीत धरायचा, ताटात टाकायचा. पुन्हा बोटं फिरवायची. हातभर अंतरावर लेकीची पावलं होती. दीक्षेनंतर इतक्या जवळ ती त्यांच्यासमोर कधी उभी राहिली नव्हती.

कौस्तुभला कळलं. तो मागे सरून पुन्हा चटईवर बसला.

...

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगता येईल. पुण्याला गेल्यावर कौस्तुभ जुने भाग बदलू देईना. त्यावरून बरीच भांडणं झाली. नीट कारण त्याला कधीच देता आलं नाही. मुख्य लेखक म्हणून त्याचं नाव वर्षभर काढून टाकलं होतं, मग पुन्हा लागलं. जुने भाग आजही जुन्याच आवाजात आहेत. मधेच आवाज बदलतो आणि बघणारा बिचकतो. भुंग्या आता सातवीत आहे. घरात शिरताना तो ते वाक्य म्हणतो. पूर्वीपेक्षा हळू म्हणतो, इतकंच.

पद्माक्का पुढच्या थंडीत गेल्या. घरी, दुपारी. फोन उशाशी चालूच होता, असं नातवाने कौस्तुभला कळवलं. माताजी तेव्हा कर्नाटकात पायी विहार करत होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी ती ऐकून घेतली, आणि रोजच्यासारख्या ध्यानाला बसल्या. त्या दिवशी त्या किती वेळ बसल्या, हे सांगायला कुणी नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पद्माक्का गहू वेचत होत्या, माताजी उभ्या होत्या, आणि सभामंडपात दाणा ताटात पडल्याचा तेवढा आवाज येत होता.

माताजींबरोबर एक तरुण ब्रह्मचारिणी असायची. ध्यानाची वेळ टळून चालली म्हणून ती आतून बघायला आली. वाटेवरचा गहू तिने पाहिला. म्हातारीची बोटं पाहिली. पटकन आत जाऊन ती मऊ कुंचा घेऊन आली आणि दाणे गोळा करायला वाकली.

माताजींनी पिंछी आडवी धरली. ती मागे झाली.

पद्माक्कांनी मान वर केली. उशीर होतो आहे, हे त्यांना समजत होतं. त्या घाईघाईने दोन्ही हातांनी दाणे ओढू लागल्या.

‘‘सावकाश वेचा,’’ माताजी म्हणाल्या. ‘‘मी उभी आहे.’’